सहलीचे कपडे

दादा,

खुशाली विचारत नाही. बारा वर्षं आपण बोललेलो नाही, आता कशाला सोंग.

आई मंगळवारी गेली. डॉक्टरांनी मला फेब्रुवारीतच बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी तिच्यापाशी अवाक्षर काढलं नाही. उलट मे महिन्यात परदेशी समुद्रावर जाऊ म्हणून तिला नादी लावलं. खोलीतून पाणी दिसेल का, तिकडचं ऊन सोसेल का, ती खोदून खोदून विचारायची. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता सहलीचे शिवते म्हणाली. धाप लागली तरी मशीन सोडेना. मला वाटलं, बरं झालं, हिला पत्ता नाही.

आज तिची बॅग उघडली. माझे दोन सुती झगे निघाले आणि दोन शर्ट, तुझ्या जुन्या मापाचे. तिचं स्वतःचं काहीच नव्हतं.

मागे एकदा तिने विचारलं होतं, "दादा जाड झालाय का गं?"

"मला काय माहीत," मी तोडून टाकलं.

हे पत्र मी टाकणार नाही, मला ठाऊक आहे. पण शर्ट उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंच्या शिलाईत तिने दोन-दोन बोटं कापड सोडलंय.

तुझी,
बारकी