शेवटची इंग्रजी ओळ

केनवड,
पौष वद्य द्वादशी, शुक्रवार

तीर्थरूप शालिग्राममामांच्या पायांवर पंचफुलेचा माथा. मामीची दाढ ठणकायची थांबली असेल, कापूस वेचून झाला असेल आणि तुम्ही दुपारी छातीवर पुस्तक उघडे ठेवून झोपत असाल, असे धरून लिहिते.

आधी एक चूक दुरुस्त करते. तुमच्या जावयांना नागपुरास, शेतकीच्या शाळेत, थंडीताप झाल्याचे मी मागच्या पत्रात कळवले होते. तो झालेला नाही. (पडसेही नाही. ‘पडसे तरी असेलच’ असे मामी म्हणतील, म्हणून सांगून ठेवते.) तुम्ही धाडलेली काढ्याची बाटली उघडलेली नाही, ती परत करते. ताप त्यांच्या अंगात नव्हताच, तो माझ्या तोंडून निघाला.

ते असे झाले. आमच्या घरी पत्र एकट्याचे नसते. टपालवाला आला की सासूबाई जाते थांबवतात, सासरे खांबाला टेकून बसतात, थोरले दीर जगदेवभाऊ बैल तसेच सोडून येतात, आणि मी दाराआड उभी राहून, पदर कपाळावर ओढून, पत्र मोठ्याने वाचते. (सासऱ्यांना वाचता येते. पण शिकलेली सून आणली आहे तर तिला वाचू द्या, असे ते म्हणतात.) नवऱ्याने बायकोला वेगळे पत्र लिहावे अशी सोय नाही, आणि लिहिलेच तर तेही मीच सर्वांपुढे वाचायचे. म्हणून तुमच्या जावयांनी युक्ती काढली. पत्र वडिलांच्या नावाचे, त्यात सर्वांची, म्हशीचीसुद्धा विचारपूस, आणि अगदी तळाशी एक ओळ इंग्रजीत. कार्तिकातली ओळ होती, ‘आय फील लोनली.’

घरात इंग्रजी येते ते मला एकटीला, तेही तुम्ही शिकवलेल्या दोन पुस्तकांपुरते. म्हणजे ती ओळ माझी होती. ती मोठ्याने वाचली आणि समोरचा ओटा, माणसे, जाते सारे धूसर झाले. कापसाच्या ढिगात पडून वर पाहावे तसे वाटले.

“शेवटी काय लिवलं वं?” सासूबाईंनी विचारले.

बायकोवाचून करमत नाही, हे सासऱ्यांपुढे आणि थोरल्या दिरांपुढे कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटले, “तब्येत जराशीक नरम हाय म्हंतेत.”

दुसऱ्या दिवशी तुमचा शब्दकोश काढला. एकटा, एकाकी, निर्जन, ओसाड. ‘नरम’ कोठे सापडते का म्हणून मागची-पुढची पानेही पाहिली. (सापडले नाही.)

मग सासूबाईंनी सुंठ कुटली, डिंकाचे लाडू वळले आणि जगदेवभाऊंना नागपुरास धाडले. ते आठ दिवस भावाच्या खोलीत राहिले, लाडू बहुतेक त्यांनीच संपवले आणि परत येऊन म्हणाले, “त्याले काई झालं नाही, बापा. मी घोरतो म्हून त्यालेच झोप येऊन नाही राह्यली.” पाठोपाठ पत्र आले. तळाशी इंग्रजीत लिहिले होते, ‘ब्रदर केम अँड वेंट. नाउ मोअर लोनली.’

सासूबाईंना तो एक शब्द दोन्ही वेळा ऐकू आला होता. दुखण्याचे नाव तेच, हे त्यांनी ओळखले, आणि तेव्हापासून तो शब्द आमच्या घरचा झाला. “आज माहा गुडघा लई लोनली होऊन राह्यला,” असे म्हणून त्या चुलीशी बसतात. जोडीचा बैल विकल्यापासून उरलेला वैरण खाईना, तर जगदेवभाऊ म्हणाले, “याले लोनली झाली.” (हे मात्र बरोबर होते. पण बरोबर आहे असे सांगायची चोरी.) शेजारच्या मुलाच्या पोटात दुखले तेव्हा त्यालाही लोनली ठरवून ओवा दिला. तो बराही झाला.

एकदा घरातल्या सगळ्या बायका या शब्दावर हसत असता प्रयागमावशी, म्हणजे आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंच्या विधवा बहीण, भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मले त बारा वर्सांपासून लोनली हाय, माय.” सगळ्या आणखी हसल्या, मावशीही हसल्या. मला हसू आले नाही. कोशातले अर्थ मी पाठ केले होते, पण तो शब्द तेव्हा मला पहिल्यांदा कळला.

आता मुख्य गोष्ट. परवा तिसरे पत्र आले. तळाशी, ‘स्टिल लोनली.’ सासरे खांबाची टेक सोडून ताठ बसले. मग म्हणाले, “तीन महिने झाले, अन् डाक्तर काय करून राह्यला? पुरं झालं शेतकी शिकनं. शेत इठंबी हाय.” रथसप्तमी झाली की दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते वाशीमहून गाडीत बसणार आणि मुलाला बिछान्यासकट कायमचे घरी आणणार. मामा, शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. ती देऊन आपल्या उताराच्या रानाला बांध घालायचे, हे त्यांनी लग्नाआधीपासून ठरवलेले आहे.

सर्वात वाईट ते सांगते. हे ऐकून मला आनंद झाला. मी काही करायचे नाही, नुसते गप्प राहायचे, आणि ते घरी येणार. हे पत्र मी ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून लिहीत आहे. खाली कणसे डुलतात, पाखरांचा थवा उठतो, वळतो, पुन्हा बसतो, आणि मी गोफण हातात धरून नुसती बघते. पांदणीच्या गाडीवाटेने बैलांची दमणी येताना दिसते, ते खाली उतरतात, टोपी काढून कपाळ पुसतात. मग पाहते तो पांदण रिकामी, आणि अर्धी ओळ कणसे पाखरांनी खाल्लेली. (ती नुकसानीही माझ्याच नावावर.) ज्या सुखासाठी त्यांची परीक्षा जाईल ते सुख मला पचायचे नाही, हे समजते. तरी पांदण पुन्हा पाहते.

सर्वांस माझा नमस्कार सांगावा. मामीने लवंग दाढेखाली धरावी.

तुमची,
पंचफुला

ता. क. खरे तर एवढे सगळे लिहिले ते एका विनंतीसाठी. त्या शब्दाचा अर्थ तुम्हीच सासऱ्यांना पत्राने कळवावा. तुमच्या विद्वत्तेला ते मानतात. माझे नाव घालू नये. ‘नवीन लग्न झालेल्या विद्यार्थ्यांत आढळते, जिवास धोका नाही’ असे काहीतरी लिहावे.

ता. क. २. वरील विनंती रद्द समजावी. तुमचे पत्र आले तर दाराआड उभी राहून ते वाचणार मीच, हे माझ्या आता लक्षात आले.

ता. क. ३. प्रयागमावशी भाकरी घेऊन माळ्याखाली आल्या आणि रडतेस काहून म्हणाल्या. मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “मले पयल्याच दिसी समजलं होतं वं. पत्र वाचून तू तीनदा दाराले धडकली होती.” मी म्हटले, “मंग सांगितलं काहून नाही?” तर म्हणाल्या, “ते तुह्यं व्हतं, मी कायले सांगू? पन पोराचं शिक्षन बुडते त आता सांग. सासरा हाय, वाघ नाही.” म्हणून ठरवले. सूर्याची पूजा झाली, सगळे अंगणात असले, की पदर घेऊन तीनही ओळींचा खरा अर्थ सांगणार, मी खोटे बोलले ते सांगणार, आणि मलाही करमत नाही, तरी परीक्षेपर्यंत थांबते, हेही सांगणार. येत्या सोमवारी नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी, माघ शुद्ध सप्तमीस, सकाळी.