पहिली रोटी आणि थुंकीची तपासणी

अब्बा, तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणून हे मराठीत लिहितोय. समोर बसून तुम्ही वाचलं असतं, तर माझ्याच्यानं एक ओळ झाली नसती.

आज सकाळी भट्टी मी पेटवली. तुमची रीत भाईजानने मोडलेली नाही. पहिली रोटी विकायची नाही, खायचीही नाही. हळद-गुळाचं पाणी लावून भट्टीच्या भिंतीला चिकटवायची आणि निघाली की सगळ्यांना दिसेल अशी फळीवर ठेवायची. करपली तर जाळ जास्त, गळून पडली तर कमी. नववीतून शाळा सोडून मी भट्टीवर आलो, तेव्हा माझी पहिली रोटी काळी निघाली आणि मी तिला शिवी हासडली. तुम्ही हातातली सळई काढून घेतलीत. ‘रोटी को गाली नक्को दे. आग देख.’

पुढे पुण्यात मी एका शेठची गाडी चालवायला लागलो आणि त्याच्या पार्ट्यांमधून मला कोकेन लागलं. तुम्ही मला घरी आणलंत, उपचार केलेत. काही महिन्यांनी मी परत पुण्याला जायचं म्हणालो, तेव्हा औरंगपुऱ्याच्या बाजारात नेऊन नवे बूट घेऊन दिलेत. दुकानाच्या पायरीवर विचारलंत, ‘आतून कसं हाय आता?’ मी म्हणालो, ‘लई चांगलं.’ ते खोटं नव्हतं, अब्बा. मला तसंच वाटत होतं. पण गाडीची चावी नुसती आठवली तरी तळहाताला घाम फुटायचा, तेवढं सांगितलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी पुन्हा त्याच पावडरीत होतो. भाईजानचा फोन वाजतोय आणि मी बघत बसलोय. तुमच्या जनाज्याला मी खांदा दिला नाही.

त्यानंतर सुटलो, पडलो, परत सुटलो. आता पावडर सोडून वर्ष होत आलंय. इथल्या एका दवाखान्यात मॅडम माझ्यासारख्यांची थुंकी आणि रक्त तपासतात. आधी नळीत थुंकायचं, मग पडद्यावर आरसा, त्यावर ओढलेली पावडरीची पांढरी रेघ असली चित्रं बघायची, मग परत थुंकायचं. ताण आला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. नशा सोडल्यावरही काहींच्या अंगात ते चढलेलंच राहतं, आणि अशी माणसं पुन्हा नशेकडे वळण्याची शक्यता जास्त दिसते. मी विचारलं, ‘म्हणजे मी पडणार?’ मॅडम म्हणाल्या, ‘हे भविष्य नाही हो. नुसती खूण आहे. दिसली, तर आपण आधीच सावध होऊ.’

भाईजानला पुण्यात दुसरी भट्टी टाकायची आहे. ती मी सांभाळायची. उद्या निघायचंय. पण त्याने एकच अट घातली होती, आधी तपासणी कर.

तपासणीआधी चहासुद्धा प्यायचा नसतो, नाहीतर नमुना बाद होतो. सूचनांचा कागद मी दोनदा वाचला होता. तरी काल दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहून गोड चहा प्यालो. मॅडमना म्हणालो, ‘विसरलो.’ अब्बा, मी विसरणारा माणूस नाही. त्यांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय, तोवर मी पुण्यात असेन.

घरी भाईजान हसला. ‘तेरी थुंकी इतनी किमती है, मालूम होता तो पान खाके रस्त्यावर थुंकू दिलं नसतं. काय निघालं?’

‘चांगलं,’ मी म्हणालो.

आज पहिली रोटी करपली. पुण्याच्या विचारात मी जाळ बघितलाच नव्हता. भाईजान पिठाचं पोतं घेऊन आत येत होता. मी ती रोटी फळीवर ठेवली नाही, तोंडात कोंबली.

त्याने रिकाम्या फळीकडे पाहिलं. ‘पहली कैसी निकली रे?’

तोंड भरलेलं होतं. मी अंगठा वर केला. ती आतून कच्ची होती.

आता तो मागे पीठ मळतोय. त्याला मराठी वाचता येतं, म्हणून हा कागद लिहून झाला की भट्टीत टाकायचा, असं ठरवून बसलो होतो. लिहून झालंय. अजून टाकलेला नाही.