लेंड्या स्थावर की जंगम?

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कुणाचे दडपण नाही; घरातले सगळे मला घाबरतात.

१. सहा वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात वकिलांच्या सल्ल्याने स्थावर मुलाला आणि जंगम मुलीला, म्हणजे बारा एकर कोरडवाहू जमीन त्याला व चाळीस शेळ्या तिला, असे लिहिले होते. कागदावर शोभले. गेल्या वर्षी खुब्याचे हाड मोडून मी खाटेला खिळले, तेव्हा दोघांनी माझ्या मरणाची वाट न पाहता वाटणी करून टाकली. मुलाने रानाला तारेचे कुंपण घातले. कापणीनंतर शेळ्यांना धसकटे मिळेनात, रानाला लेंडीखत मिळेना. यंदा पावसाने ओढ दिली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, शेळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. चाळीस वर्षे जुळवलेले एका हंगामात उसवले.

२. दोघे माझ्या खाटेशीच भांडत होते. सूनबाईने मध्येच विचारले, "आई, लेंड्या स्थावर की जंगम?"

"गोठ्यात आहेत तोवर जंगम," मुलगी म्हणाली.

"रानात पडल्या की स्थावर," मुलगा म्हणाला.

"आणि वाटेत पडल्या तर?" सूनबाई म्हणाली.

मुलगी आधी हसली. "दादा, तुझं कुंपण काढताना हात सोलवटतील हं."

"गप्प बस. पक्कड आण."

त्या दिवशी मला कितीतरी महिन्यांनी भूक लागली.

३. म्हणून जमीन, शेळ्या, कडब्याची गंजी आणि उकिरडा ही एकच मिळकत समजावी. ती मुलगा, मुलगी व सून यांची सामाईक राहील. जो वाटणी मागेल त्याला काढलेल्या तारेचे भेंडोळे मिळेल, दुसरे काही नाही.

४. पावसाच्या नोंदींच्या माझ्या वह्या सूनबाईला. तिला मी अकरा वर्षे "शहरातली" म्हणून हिणवले. तो शब्द मागे घेते. चहा ती अजूनही पांचट करते, ते मागे घेत नाही.

५. वकिलांवरचा राग सोडला आहे. त्यांना साक्षीला बोलावले, म्हणजे हे वाचावे तरी लागेल.

साक्षीदार:
वकील (सही). येताना त्यांचा पाय लेंडीत पडला; ती सामाईक धरावी.
गुरांचे डॉक्टर (सही).

लिहून देणार: आई (सही)

ठिकाण: गोठ्यापुढचा ओटा.
दिनांक: अकरा जानेवारी, शेळ्या पुन्हा रानात सोडल्या तो दिवस.