त्याच्या वाटचे रविवार

६ ऑगस्ट २०२३, रविवार

लेकीला भेटायचा आजचा रविवार आनंदराजचा होता, माझा नव्हता. मी जायला नको होतं. तरी अहमदपूरहून लातूरची एसटी धरलीच — उत्पलाला डबा देते अन् लगेच फिरते, असं स्वतःलाच सांगत!

नीटच्या क्लाससमोरच्या रसवंतीत बसले होते बापलेक. त्याच्या हातात तिचं बायोलॉजीचं पुस्तक. नांदेडच्या डेपोतला मेकॅनिक तो — एकेक इंग्रजी शब्द असा काही वाचत होता की पोरगी पोट धरून हसत होती. माझ्यापाशी कधी हसते अशी? माझ्या रविवारी खाली मान घालून जेवते. ‘हाव मम्मी. न्हाई मम्मी.’

डबा तसाच परत आणला.

१० ऑगस्ट, गुरुवार

कोर्टात मध्यस्थीची तारीख. आम्ही वेगळे झाल्यापासून सुमनबाईच दोघांच्या मधे बसतात. ‘भेटी ठरल्याप्रमाणे चालल्यात ना?’ एवढंच विचारलं त्यांनी.

आणि मी बोलून गेले — ‘हे पिऊन येतात पोरीला भेटायला.’

कुठून आलं तोंडात? त्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही! ‘मुलीलाच विचारू,’ सुमनबाई म्हणाल्या. तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं.

१३ ऑगस्ट, रविवार

मीच उत्पलाला म्हणाले, ‘विचारलं तर माझ्यासारखंच सांग. माझी लाज राख.’ लेकराला! ती जेवली नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

सुमनबाई आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या. मग आम्हाला आत घेतलं. ‘आई सांगते ते खरंय, म्हणते ती.’ उत्पला बॅगेचा पट्टा पिळत होती.

वाटलं, आता भांडेल तो. भांडला नाही.

‘लेकरू म्हणतंय तर तसंच आसंल, बाई. म्या न्हाई येणार रविवारी.’

किल्लारीचा तो. भूकंपात आईबाप दोघंही गेले, आत्यानं वाढवला. वेगळं होताना एकच मागितलं होतं त्याने — ‘माझ्या लेकराला दोघं बी राहू दे.’

जिन्यात उत्पला माझ्यासोबत चालली नाही. पुढे निघून गेली.

१८ ऑगस्ट

दवाखान्यात सलाईन लावताना शीर दोनदा चुकली. पेशंट म्हणाली, ‘सिस्टर, बरं न्हाई का?’

१९ ऑगस्ट, शनिवार

आनंदराजचा फोन. शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘विशाखा, म्या कुणाला काई सांगत न्हाई. तेवढं उत्पलाला सांग, पप्पा रागावले न्हाईत म्हणावं. पोरगी अभ्यास सोडून रडत बसंल.’

‘तुम्हीच सांगा की.’

‘म्या कसं सांगू? म्या तर यायचं न्हाई ना आता.’

२० ऑगस्ट, रविवार

सुमनबाईंना फोनवर सगळं खरं सांगितलं. मग लातूरला जाऊन उत्पलाला — ‘खोटं माझं होतं. तुझं नाही.’

ती रडली नाही. माझा फोन मागून घेतला. ‘पप्पा, आज या ना.’ मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, ‘आता तू जा, मम्मी.’

मी निघून आले. रविवार त्याचाच होता.