टेक म्हटलं की घ्यायचं

५ जानेवारी १९५३, आळंद
मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, सोळाला शाळेचा मुआयना. इन्स्पेक्टरसाहेब मद्रासकडचे, मराठी अजिबात येत नाही. माझा इंग्रजीचा तास बघणार. पसंत पडला तर नोकरी कायम. नाही तर आमचे वडील, अप्पा, आहेतच! दिवाळीलाच बजावलंय, "संक्रांतीनंतरच्या ऐतवारापातूर कायम न्हाई झालीस तर न्यायला येतो बघ." म्हणजे पुन्हा घरी दुबलगुंडीला, पुन्हा वहिनीच्या नजरेखाली तुरी निवडत बसणं. नको रे देवा.

७ जाने.
शिकवायला क्रियापद निवडलं, टेक. सोपं म्हणून निवडलं आणि फसले. टेक म्हणजे घेणे. चहा, औषध, रजा आपणही घेतो, तिथवर ठीक. पण आंघोळही टेक? बसायचं तर सीट टेक, गावाला जायचं तर बस टेक. आमची गुलबर्ग्याची बस कोण घेणार? तिला रोज सकाळी चार माणसं ढकलतात.
नुसतं पाठ करून घ्यायचं नाही. वस्तू पुढे धरायची, टेक म्हणायचं, मुलीने घ्यायचं. बस्स.

९ जाने.
पेरू नेला होता. पहिल्या बाकावरची गौरम्मा वर्गात सगळ्यात हुशार. तिच्यापुढे धरला, "टेक."
हात पाठीमागे. "नगं बाई."
"टेक म्हणजे काय गं?"
"घ्या."
"मग घे की!"
"आत्ताच जेवून आलाव बाई."
सगळ्यांचं तेच. कुणी खायला दिलं तर लगेच हात पुढे करायचा नाही, अधाशी दिसतं. तीनदा आग्रह झाला की मग घ्यायचं. मीही तशीच वाढले, रागावू कुणावर? पेरू मीच खाल्ला. गोड होता.

१२ जाने.
खडू पटकन घेतात, पुस्तक घेतात. खाण्याचं दिसलं की हात पाठीमागे. ठरलं, खडूवरच भागवायचं.

१६ जाने., शुक्र.
झाला एकदाचा मुआयना.
खडू, पट्टी, पुस्तक, सगळं झकास झालं. मी मनात पेढे वाटायला लागले, तेवढ्यात साहेब उठले. खिशातून पेपरमिंट काढून गौरम्मापुढे धरलं, "टेक."
"नो, सर."
"प्लीज, टेक."
"नो, सर."
तिसऱ्यांदा म्हणाले असते तर! नाही म्हणाले. कपाळाला आठी घालून खुर्चीकडे वळले. मुलींना शब्दच कळत नाही असं त्यांना वाटलं असणार. अप्पा डोळ्यांपुढे उभे राहिले.
मग एकदम सुचलं. पिशवीत तीळगुळाची पुडी होती. तीळगुळाला कोण नाही म्हणतंय? पुडी उघडली, "टेक!" सगळा वर्ग अंगावर आला. गौरम्माचा हात सगळ्यांत पुढे.
आणि त्या पोरीने आपल्या हातातला तीळगूळ थेट साहेबांपुढे धरला. "टेक, सर."
"नो, नो, थँक यू."
"टेक, सर."
"नो, नो."
"टेक, सर!"
घेतला! वर्ग खो खो हसला, मीही. साहेबही हसले बहुतेक, तोंड भरलं होतं, नक्की कळलं नाही. कायम करणार की नाही, काही बोलले नाहीत. हुकूम गुलबर्ग्याहून येईल म्हणे.

१८ जाने., रवि.
अप्पा आले.
"हुकूम आला?"
"न्हाई अजून."
चहा दिला, तो तीनदा नको म्हणून प्याले. मी पेटी भरायला उठले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते." बाहेर गेले आणि ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन आत आले. वर शेंगाचटणीचा डबा.
"अप्पा, ज्वारी कामून?"
"हुकूम येईपातूर खाशील काय? घे."
मी एकदाही नको म्हटलं नाही.