दीड इंच अक्रोड

हावर, मोंटाना
२ फेब्रुवारी १९६४

सौ. लेम्पीकाकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वेलदोड्याचा पाव दोन्ही पोचले. अर्धा पाव मी खाल्ला, अर्धा शिक्षकांच्या खोलीत ठेवला, आणि मग दिवसभर वाटत राहिलं की सगळाच ठेवायला हवा होता.

हे पत्र आयनोकाकांना दाखवू नकोस. विचारलंच तर शाळेबद्दल आहे म्हण. शेवटी शाळेबद्दल मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही.

ओंडका पडून खांदा मोडल्यापासून काकांनी आपली बंदूक फडताळातून काढलेली नाही, या वर्षी शिकारीच्या तळावर नुसती कॉफी करीन म्हणतात, आणि शेजारच्या अर्वोनं त्यांची खिंड मागितली आहे, असं तू लिहिलंस. अर्वो मागणारच. जो बंदुकीशिवाय येईल त्याची बसायची जागा मागणाऱ्याला जाते, हा नियम काकांनीच तर केलेला. पण मला कळायला लागल्यापासून ती खिंड म्हणजे काका. एल्क, ती मोठाली हरणं, तिथून उतरतात आणि काका तिथे असतात. त्या दगडावर अर्वो शिट्टी वाजवत बसला आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

डॉक्टरांनी जोराचा धक्का नको म्हटलं आहे; बंदूकच नको असं म्हटलेलं नाही. तुझं पत्र पुन्हा वाचून मी याची खात्री केली. तेव्हा मी सुटे भाग घेऊन एक बंदूक जुळवणार आहे, हलकी आणि खांद्याला मऊ. दुसऱ्यानं निवडलेली बंदूक काका हातात धरायचे नाहीत, म्हणून प्रत्येक भाग त्यांनाच निवडायला लावीन. 'माझ्यासाठी' असं मात्र कुठेही लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. ते समजतील तसं समजोत. हेही खोटंच आहे का, ते तू मला कळव.

शाळा ठीक आहे. मुलांना अपूर्णांक आवडत नाहीत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
औने

---

रेड लॉज
२० फेब्रुवारी

चि. औने हिस,
अ. आ.

बंदुकीचे भाग कोणते घेऊ हे मला विचारणारं तुझं पत्र मिळालं. काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली की नवरा निवडताना मी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता, म्हणून हे दिवस आले.

पहिलं म्हणजे ती बंदुकांची मासिकं वाचणं बंद कर. मासिकवाल्यांना डोंगर चढावा लागत नाही. लष्करातून निघालेल्या जुन्या माउझर बंदुकीचा मधला भाग आणि काडतूस आत ढकलणारा बोल्ट घे. तिचं लाकूड आणि नळी आपल्या कामाची नाही. बोल्टवरचा आकडा आणि मधल्या भागावरचा आकडा एकच आहे ना, ते बघून घे; नाहीतर बार उडताना बोल्ट मागे तोंडावर यायचा. नवी नळी बावीस इंची, बारीक. त्याहून लांब घेतलीस तर प्रत्येक झुडपाची गळाभेट घेत वर येशील. दुर्बीण चारपट, जास्त नको.

मऊ धक्क्याचं काडतूस का विचारतेस ते मला कळलं नाही. चौदाव्या वर्षापासून माझ्या तीस-शून्य-सहाच्या दणकट बंदुकीचे धक्के खाल्लेस आणि कधी डोळा मिटला नाहीस. शहरात राहून नाजूक झालीस की काय? पण विचारलंस म्हणून सांगतो, सात मिलिमीटरचं जुनं काडतूस घे. थांबून, जवळून मारलं तर एल्कला ते पुरतं. खिंडीतून मी कधी लांबचा नेम घेतलाच नाही. ते असो.

खांदा बरा आहे. कॉफीची किटली उचलायला पुरतो.

आशीर्वाद आहेतच.
आयनोकाका

---

हावर
२२ मार्च

ती. आयनोकाकांस,
सा. न. वि. वि.

मधला भाग आणि बोल्ट मिळाला, पण पहिल्या खेपेला नाही. दुकानदार टॉलफ्सन यांनी काढून दाखवलेल्या बंदुकीत दोन्ही आकड्यांचे शेवटचे अंक जुळत नव्हते. ते म्हणाले, बाई, नवी नळी बसवताना कारागीर ते सगळं जुळवून घेतो, कशाला काळजी करता. मी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. त्या बोल्टच्या मागे कोणाचा तरी चेहरा असणार, आणि तो मला डोळ्यांसमोर दिसत होता. टॉलफ्सन यांनी विचारलं, तुम्ही वर्गातही अशाच का? मी हो म्हटलं. मग त्यांनी माळ्यावर चढून जुळणाऱ्या आकड्यांची काढून दिली आणि वर म्हणाले की आता माझ्या दुकानाचं नाव कोणाला सांगू नका.

नळी तुम्ही म्हणालात तीच मागवली आहे. काडतूसही तेच. मला मऊ धक्क्याचंच हवं आहे. खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याच्या मागे जाड रबरही लावावं म्हणते. तुम्ही त्याला शहरी माणसांची उशी म्हणता, हे लक्षात आहे.

खांद्याला ऊब द्यावी आणि मला चार ओळी.
औने

---

रेड लॉज
१० मे

चि. औने हिस,
अ. आ.

लावू उशी. पण दस्ता दुकानातला घेऊ नकोस. कोठाराच्या माळ्यावर अक्रोडाचा ठोकळा वाळतो आहे, तुला आठवत असेल, लहानपणी त्याच्यावर बसून तू घोडा घोडा खेळायचीस. माझ्यासाठी ठेवला होता. आता मला तो कशाला लागतो?

नळी बसवून झाली की सगळं माझ्याकडे पाठव, दस्ता मी कोरतो. माप कळव. हात काटकोनात दुमडायचा आणि कोपराच्या घडीपासून चापावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं. नीट मोज. दुसऱ्याच्या मापाचा दस्ता असला तर बंदूक कितीही चांगली असो, परकी राहते.

अर्वो परवा आपल्याकडे सौनाला, वाफेच्या आंघोळीला आला होता. खिंडीत वारा कुठून येतो ते विचारत होता. सांगितलं.

आयनोकाका

---

हावर
१७ मे

सौ. लेम्पीकाकूस,
सा. न. वि. वि.

माझं सगळं मुसळ केरात गेलं. काकांनी स्वतःचं अक्रोड काढलं आहे आणि माझं माप मागितलं आहे. ते जितकं मन लावून काम करतील तितकी ती बंदूक त्यांच्या हाताला आखूड होणार. काकांसारखं काम करणारं माणूस मला दुसरं माहीत नाही, म्हणजे ती पुरतीच आखूड होईल.

मी जाड कोट घालून मोजलं. हात जरा सैल सोडून मोजलं. दर वेळी तेराच इंच. साडेचौदा लिहिलं तर कोणाला कळणार, असं मनात आलं, आणि मग वर्गात उभं राहून मुलांना मोजलंत तेच लिहा असं सांगताना मला माझीच लाज वाटली.

काय करू ते कळव.
औने

---

रेड लॉज
२५ मे

चि. औने हिस,
अ. आ.

अगं, एवढी शिकलीस आणि एक आकडा वाकवता येत नाही? आपल्या घरात पहिल्यांदा कोणी कॉलेजात गेलं, त्याचा हा उपयोग.

जेवणानंतर ते खुर्चीत पेंगत होते तेव्हा मी शिवणाची फीत लावली. साडेचौदा. तेवढ्यात जागे झाले आणि काय चाललंय म्हणाले. मी म्हटलं, स्वेटरच्या बाहीचं माप घेते. आता मला खरंच स्वेटर विणावा लागणार, आणि विणणं म्हटलं की माझे डोळे जातात ते तुला माहीत आहे. साडेचौदा लिही आणि मोकळी हो.

ते रोज माळ्यावर जाऊन त्या ठोकळ्यावरून हात फिरवून येतात. मला वाटतं कोंबड्या मोजायला जातात, असं मी दाखवते.

स्वतःला फार छळू नये.
लेम्पीकाकू

---

हावर
४ जून

ती. आयनोकाकांस,
सा. न. वि. वि.

नळी बसवलेला सांगाडा वेगळ्या पेटीतून पाठवला आहे. बोल्ट न अडखळता सरकतो, मी पुन्हापुन्हा पाहिलं.

माझं माप तेरा इंच आहे. दस्ता तेराच इंचाचा करावा, असं मात्र मी म्हटलेलं नाही.

उन्हाळ्यात मिझुलाला शिक्षकांचा वर्ग आहे, तेव्हा मला येता येणार नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करावं. रागावू नये, किंवा रागावलात तर तसं लिहावं.

औने

---

रेड लॉज
२७ सप्टेंबर

चि. औने हिस,
अ. आ.

बंदूक झाली.

तुझं जूनचं पत्र कोठारात खिळ्याला अडकवून काम केलं. माप तेरा आहे, पण तेराच कर असं म्हटलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, पोरीला वर्गातल्या मुलांनी दमवलं. मग घरात आलो तर तुझी काकू स्वेटर विणत बसलेली, आणि मी पेंगत असताना तिनं कोपरापासून लावलेली फीत आठवली. संसाराला इतकी वर्षं झाली, तिनं मला कधी साधा मोजा विणला नाही. मी तुझी सगळी पत्रं काढली आणि सलग वाचली. मऊ धक्का, हलकी नळी, उशी. 'माझ्यासाठी' हा शब्द शोधला, तो कुठेच नव्हता.

मी रागावलो. तू तसं लिहायला सांगितलंस म्हणून लिहितो. दोन-तीन दिवस ठोकळ्याला हात लावला नाही. म्हाताऱ्याला फसवून बंदूक देतात काय, असं काकूला म्हणालो. ती म्हणाली, फसवलंय कुठे, बिचारीला तेवढंही जमलं नाही.

दस्ता तेरा इंचाचाच केला आहे. बंदूक तुझी आहे, तुझ्या मापाची. पण दस्त्याच्या टोकाला त्याच ठोकळ्याचा दीड इंच तुकडा कापून ठेवला. उशी काढायची, तो मध्ये घालायचा, दोन लांब स्क्रू पिळायचे. लाकडाच्या रेषा दस्त्यातून निघून तुकड्यात शिरतात, डोळ्यांना सांधा दिसत नाही. काकूला दिसला, पण तिला सगळंच दिसतं.

काल ओढ्यापलीकडे जाऊन तुकडा लावून गोळ्या झाडल्या. आज सकाळी लाकडं फोडताना खांदा काही बोलला नाही. उशीला जे जे म्हटलं होतं ते मागे घेतो, पण हे अर्वोला सांगू नकोस.

त्याला एवढंच सांगितलं की खिंड रिकामी नाही. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. मग कॉफी कोण करणार म्हणाला. मी किटली त्याच्यासमोर ठेवली आणि पाणी कितपत घालायचं ते दाखवलं.

हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ये. पहिल्या दिवशी तुकडा लावून बंदूक माझ्याकडे, दुसऱ्या दिवशी काढून तुझ्याकडे. स्क्रू पिळायचं हत्यार माझ्या खिशात असेल. बसायचं मात्र दोघांनी मिळून. त्या दगडामागे दोघांपुरती जागा पहिल्यापासून आहे. ती बाजू आजवर कोणी मागितली नव्हती, म्हणून मी एकटा बसायचो.

वारा पश्चिमेचा असतो. गरम मोजे आण, आणि जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझा,
आयनोकाका

ता. क. स्वेटर झाला. बाहीचं माप कोपरापासूनच घेतलं होतं, त्यामुळे बाही साडेचौदा इंचाचीच आहे. हात अर्धा बाहेर राहतो. तो घालूनच खिंडीत येणार आहे.