आठ हप्त्यांचं घर

अप्पा, तुमचं घर गेल्या महिन्यात विकलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकाल. मधेच टोकायची तुमची खोड. पत्रात निदान तेवढी सोय नाही. कुवेतमध्ये, रिग्गईतल्या खोलीत बसून लिहितेय. आज शुक्रवार, हॉस्पिटलच्या लॅबला सुट्टी. खोलीतली सोबतीण, केरळची नर्स, चर्चला गेलीय. ती यायच्या आत लिहून व्हायला हवं, नाहीतर बाई डोळे पुसायला लावेल आणि वर चहा पाजेल.

मी पहिल्या पगाराच्या जोरावर हप्त्यांवर ट्रान्झिस्टर आणला होता, आठवतं? स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलाय, चहा बशीत ओतलाय, आई पोळ्या लाटतेय. मी ऐटीत बटण फिरवते. तुम्ही विचारता, "केवढ्याला?" मी म्हणते, "दरमहा थोडे थोडे द्यायचे, अप्पा." बशी खाली ठेवता. "हप्त्यावरची वस्तू घरात आली की तिच्यामागून दुकानदारही येऊन बसतो. उचल तो डबा." मग भर उन्हात दुकानापर्यंत वरात. तुम्ही पुढे, मी मागून रडत, शेजारीपाजारी खिडकीत. परतताना उसाचा रस पाजलात तो मी रागाने अर्धा टाकला. पण कुवेतला निघाले तेव्हा तुम्हीच घराची तिसरी किल्ली करून हातात ठेवलीत. "विमानं अवेळी येतात. कुणाला उठवू नकोस, सरळ आत ये." एवढंच बोललात.

तुम्ही गेलात तेव्हा मला इथे तीन वर्षं झाली होती. ओव्हरसियरच्या पगारात तुम्ही माळावर जागा घेतलीत तेव्हा "तिथे कोल्हे राहतात" म्हणून सगळे हसले होते. पुढे गाव चालत चालत तिथवर आलं, आणि सरकारने बाजारभाव धरून मृत्युकर लावला. माणसाने मरावं आणि मागच्यांनी त्याचं भरावं! घर होतं, रोकड नव्हती. दादा म्हणाला, "विकून मोकळे होऊ. बिल्डर तयार आहे, कर त्यातूनच जाईल." मृत्युपत्रात घर त्याचं आणि आईचं. माझं नाव नव्हतं, कारण मी परक्या घरी जाणार होते. गेले नाही, तो भाग वेगळा. वकिलांनी दुसरी वाट सांगितली. कर आठ वर्षांच्या आठ हप्त्यांत भरता येतो, व्याज पडतं, आणि फिटेपर्यंत घरावर सरकारचा बोजा राहतो, म्हणजे कुणी विकत घ्यायला धजत नाही. ते त्यांनी अडचण म्हणून सांगितलं. मी मात्र तेवढंच ऐकलं. "हप्ते मी भरते," म्हणाले. दादाला काय, फुकट कर फिटतोय तर बरंच! आई कोपऱ्यात बसली होती. तिला मी विचारलं नाही.

मग दरवर्षी बँकेत रांग लावून ड्राफ्ट काढायचा. काउंटरवरचा माणूस "बुक्रा, बुक्रा" म्हणून उद्यावर ढकलायचा, मी तिथेच ठाण मांडायचे. सोबतीण विचारायची, "तेरा घर कितना बाकी है?" मी बोटं दाखवायची. चौथ्या वर्षी सगळी रक्कम माझ्याकडे जमली, अप्पा. एकदम फेडता आलं असतं. फेडलं नाही. फिटलं की दादा विकणार, हे मला ठाऊक होतं. त्याला कळवलं, "इकडे महागाई फार, हप्ताच कसाबसा निघतो." खोटं नुसतं बोलून भागत नाही, पोसावंही लागतं. तिकिटाला पैसे आहेत असं दिसू नये म्हणून सलग तीन वर्षं घरी गेले नाही. गणपतीत खोलीचं दार लावून एकटीने आरती म्हटली, टाळ्याही हळू वाजवल्या. इतकं एकटं वाटायचं की सुट्टीच्या दिवशी उगाच लॅबमध्ये जाऊन बसायचे. तुम्ही दुकानदाराला हाकललंत. मी सरकारला पाट मांडून घरात बसवलं आणि वर व्याज दिलं. सातव्या वर्षी दादाचं पत्र आलं, हा करच रद्द झाला! पण यापुढे मरणाऱ्यांसाठी. "अप्पांनी जरा धीर धरायला हवा होता," असं लिहिलं होतं त्याने. मी हसले आणि मग रडले.

आठवा हप्ता भरून घरी गेले. किल्लीने दार उघडून सरळ आत. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होती. खाली बसणं तिने कधी सोडलं, मला माहीतच नव्हतं. फिटल्याचा कागद मी तिच्यापुढे धरला. तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "सुटले गं बाई. आता दादाला म्हणावं, विकून टाक. मी जाते त्याच्या फ्लॅटवर, तिथे लिफ्ट आहे."

"तुला हे घर नको होतं?"

"गुडघे गेले माझे. पाण्याला मागे जायचं, मोटार लावायची, अंधार पडला की दिवसभरात कुणाशी बोलले नाही हे लक्षात यायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू परक्या मुलखात राबून भरत होतीस. तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

मी कागदाची घडी घातली. तिच्यासमोर बसून उरलेली भाजी निवडली. चार वर्षं तिला मी तिथे डांबून ठेवलं होतं, आणि तिला वाटत होतं की मी हाल काढतेय. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आता ती दादाकडे खुशीत आहे, दिवसातून चारदा लिफ्टने खाली-वर करते म्हणे.

आईसाठी घर राखतेय असं मी सगळ्यांना सांगत होते. तुमच्यासाठी, असंही स्वतःला सांगितलं. दोन्ही खोटं. घर मला हवं होतं. कधीही यावं, कुणाला न उठवता आत शिरावं, अशी जगात तेवढी एकच जागा होती.

हे पत्र कुठे पाठवू? राहू दे इथेच, ट्रंकेत. फक्त एक सांगायचं राहिलं. ताबा देताना बिल्डरच्या माणसाने विचारलं, "किल्ल्या किती?" दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दोनच."